वैजूची धाप, वहिनीची धाव

आमची प्रमोदिनीवहिनी लग्न होऊन घरात आली, त्याच आठवड्यात अप्पा दादाला म्हणाले होते, "माधवा, ही सून नव्हे, वावटळ आणलीस."

अप्पा हायस्कुलातले निवृत्त मराठीचे मास्तर. त्यांच्या छत्रीला ठरलेला खुंटा होता, चष्म्याला ठरलेला कोनाडा. वहिनी मात्र पोळी तव्यावर टाकून अंगणात कपडे पिळायला जायची आणि कपडे अर्धे वाळत घालून शेजारणीचे पापड लाटायला. तिचं माहेर पेठ वडगावचं. बाजाराच्या गावात, कापडदुकानाच्या माडीवर, गिऱ्हाइकांच्या गलक्यात वाढलेली. मी माधवदादाची धाकटी बहीण, नलू. वहिनी माझ्याहून काही वर्षांनीच मोठी, म्हणून मी तिला अगंतुगं करायची. अप्पांना ते रुचत नसे, पण वहिनीनंच त्यांना सांगून टाकलं होतं, "असू दे अप्पा, अहोजाहो ऐकत थांबायला मला वेळ कुठाय?"

दादा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत ड्राफ्ट्समन होता आणि आम्ही तिथंच मागच्या गल्लीत भाड्यानं राहत होतो. भट्टी पेटली की दोरीवरच्या धोतरांवर काळी बारीक पूड बसायची. आम्हाला त्याचं काही वाटत नसे.

त्या घरात सहासष्ट साली वैजू जन्मली. वैजयंती. दीड वर्षाची झाल्यावर बोलायला लागली ती आईच्याच वेगानं. उंबऱ्यात उभी राहून कामावर जाणाऱ्या प्रत्येकाला अडवायची, "कुथं चाल्लाश?" आणि माणसं डबा हातात धरून थांबायची. "कामाव चाल्लोय की, बाईसाब! येतीस काय?" समोरच्या खोलीत पिराजी राहायचा, त्याच फाउंड्रीत साचे बनवणारा. त्याचा मुलगा केरबा वैजूच्याच वयाचा. दोघं गटारावरच्या फरशीवर बसून तासन् तास काहीबाही बोलायची. आम्हाला त्यातलं निम्मं कळायचं नाही, त्यांना सगळं कळायचं.

कोयनेचा मोठा भूकंप झाला त्याच्या पुढच्या वर्षी, दिवाळी उलटल्यावर, ती साथ आली. पेपरात हाँगकाँगचा फ्लू असं छापून यायचं. गल्लीत नुसती 'साथ' म्हणायचे. फाउंड्रीत निम्मी माणसं येईनाशी झाली. आमच्या घरी आधी अप्पा पडले, मग मी, मग वहिनी. वहिनी तापातही उठून चुलीपाशी जायची आणि दादा तिला धरून परत आणायचा. वैजूला शेवटी ताप आला. त्याच दिवसांत समोर केरबाला आला.

केरबा तिसऱ्या दिवशी गेला. भर दुपारी अंबूबाईचा, म्हणजे त्याच्या आईचा, हंबरडा ऐकू आला. वहिनी वैजूला छातीशी धरून खाटेवर बसली होती. ती हलली नाही. तिनं फक्त वैजूच्या नाकापाशी बोट धरलं आणि कितीतरी वेळ तसंच धरून ठेवलं.

त्याच संध्याकाळी आम्ही वैजूला थोरल्या दवाखान्यात हलवलं. वॉर्डात एकेका खाटेवर दोन-दोन पोरं होती. सगळ्या खोलीत मिळून एकच आवाज भरलेला, लहान छात्यांमधून ओढून घेतलेल्या हवेचा. नर्सबाई या टोकापासून त्या टोकाला पळत होत्या. वैजूला न्यूमोनिया झाला होता. नळी लावली, इंजेक्शनं दिली. ती वाचली. नाताळ झाल्यावर आम्ही तिला टांग्यातून घरी आणलं.

पण घरी आली ती वैजू आमच्या ओळखीची नव्हती. छातीत बारीक शिट्टी वाजायची. जरा पळाली, जरा रडली, थंड वारा लागला की बरगड्या आत ओढल्या जायच्या आणि ओठांचा रंग बदलायचा. आणि ती बोलायची नाही. सुरुवातीला बोलायला जायची, पण दोन शब्दांत ढास लागायची आणि डोळे पांढरे व्हायचे. वहिनी तिच्या तोंडावर अलगद हात ठेवायची. "बोलू नको बाळ, धाप लागेल. मला कळलं तुला काय हवंय." मग आम्ही सगळेच तसं म्हणायला लागलो. अप्पांनी मोठ्यानं श्लोक म्हणणं बंद केलं. दादा घरात चपला हातात घेऊन वावरायचा. वैजूनं बोट उचलायच्या आत वहिनी तिच्यापाशी पोचलेली असायची, पाणी घेऊन, बाहुली घेऊन, पांघरूण घेऊन. हळूहळू त्या पोरीनं तोंड उघडणंच सोडून दिलं.

"हा सगळा धूर करतोय," वहिनी एके दिवशी म्हणाली. "या भट्टीचा धूर. मी इथं राहणार नाही."

"अगं, त्या भट्टीवरच आपली चूल पेटते," दादा म्हणाला.

"चूल मी कुठंही पेटवीन. तुम्ही जागा बघा."

जागा तिनंच बघितली. आठवड्याच्या आत आम्ही रंकाळ्याच्या बाजूला, शिवाजी पेठेत राहायला गेलो. तिथं धूर नव्हता, पण तळ्यावरून सकाळचं धुकं यायचं आणि वैजूला पहाटेपासून धाप लागायची. वहिनी खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबायची, मग खोली कोंदट झाली म्हणून त्या उपसून काढायची. कुणी सांगितलं, ओव्याच्या पुरचुंडीनं छाती शेका. शेकली. कुणी सांगितलं, वेखंड उगाळून जिभेवर लावा, वाचा फुटेल. लावलं. त्र्यंबोलीदेवीला नारळ बोलली. भाजी आणायला गेलेली वहिनी भाजीशिवाय परत यायची, कारण मंडईत कुणीतरी कुणा वैद्याचं नाव सांगितलेलं असायचं आणि ती तशीच पिशवी घेऊन त्याच्याकडं गेलेली असायची. अप्पा म्हणायचे, "प्रमोदिनी, जरा दम धर." ती म्हणायची, "दम माझ्या पोरीला धरवत नाही अप्पा, मी कसा धरू?"

एप्रिलात तिला गगनबावड्याची मावशी आठवली. मावशीचे यजमान तिथं शाळेत होते. डोंगराची हवा, धूर नाही, धुरळा नाही. वहिनी वैजूला घेऊन गेली आणि खरोखरच उन्हाळाभर पोरगी बरी राहिली. दादाला तिची कार्डं यायची, रात्रभर झोपली, करवंदं खाल्ली, टेकडी चढली. बोलली, असं मात्र एकाही कार्डात नव्हतं.

जून लागला तरी वहिनी परत यायचं नाव घेईना. "इथंच राहीन म्हणते," असं कार्ड आलं तेव्हा दादाचा चेहरा उतरला. त्यानं मला धाडलं, "नलू, तुझं ऐकेल ती. घेऊन ये." मी गेले तेव्हा पाऊस आधीच पोचला होता. गगनबावड्याचा पाऊस आमच्या कोल्हापूरच्या पावसासारखा नसतो. तो पडत नाही, वस्तीला येतो. भिंतींना हिरवी बुरशी, गाद्यांना कुबट वास, चुलीत ओली लाकडं आणि घरभर धूर. वैजूची शिट्टी परत सुरू झाली होती आणि वहिनी ते कबूल करायला तयार नव्हती.

"सर्दी झालीये नुसती," ती मला म्हणाली. बोलता बोलता तिनं मावशीची अख्खी उतरंड खाली काढून परत रचली.

चौथ्या दिवशी सकाळी वैजूला जी धाप लागली तशी मी आधी कधी पाहिली नव्हती. मान मागं टाकून ती हवेचे घोट घेत होती, जशी एखादी मासोळी काठावर घेते. गावातल्या कंपाउंडरनं गोळी दिली आणि सरळ सांगितलं, कोल्हापूर गाठा. एसटी बंद होती, रस्त्यावर पाणी आलं होतं. नाक्यावर कोकणातून आलेला नारळाचा ट्रक उभा होता. वहिनीनं ड्रायव्हरला विचारलंसुद्धा नाही. ती दार उघडून केबिनमध्ये चढली आणि मला म्हणाली, "पोरीला वर दे."

ड्रायव्हर चहाचा कप हातात घेऊन पळत आला. बाळासो नाव त्याचं, नंतर कळलं. "ओ पावणं, कुटं चढलासा? गाडी न्हाय जायाची. फुडं पानी बगितलं न्हाय व्हय?"

वहिनीनं वैजूचा चेहरा त्याच्याकडं वळवला. बाळासोनं तो पाहिला, कप तिथंच दगडावर ठेवला आणि गाडी चालू केली.

अर्ध्या वाटेवर रस्ता संपला. म्हणजे रस्ता होता, पण पाण्याखाली. दोन्ही बाजूंच्या भातखाचरांचं आणि रस्त्याचं पाणी एक झालं होतं, कडेचे दगडही दिसत नव्हते. बाळासोनं ब्रेक दाबला.

"वैनी, पानी गुडघ्याएवढंच असंल. पन कड कुटं हाय, कसं कळायचं? चाक उतरलं म्हंजे आपुन समदी खाचरात."

"मी पुढं चालते," वहिनी म्हणाली.

"खुळ्या हायसा काय तुमी?"

ती उतरली होती. लुगड्याचा काचा मारला, गाडीतली एक फळी काढून घेतली आणि पाण्यात शिरली. फळी टेकवत, डावीकडं, उजवीकडं चाचपत ती पुढं चालायची आणि हात वर करायची. मग ट्रक तेवढाच पुढं सरकायचा. पावसात तिची पाठ दिसायची आणि नाहीशी व्हायची. एकदा ती कमरेपर्यंत खाली गेली आणि बाळासोच्या तोंडून शिवी निघाली. ती वर आली, आणि हातानं आम्हाला उजवीकडं घ्यायला सांगितलं.

वैजू माझ्या मांडीवर, काचेला टेकून बसली होती. आई पाण्यात गेली तशी तिनं काचेवर हात ठेवला. तिचे ओठ हलले. आवाज फुटला नाही, पण ओठांचा आकार मी पाहिला. ती आईला हाक मारत होती.

दुपारी आम्ही लक्ष्मीपुरीत मुलांच्या डॉक्टर नंदिनीबाई सरनोबत यांच्या दवाखान्यात होतो. इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या तासात वैजूच्या बरगड्या शांत झाल्या. बाळासोनं ट्रक बाहेर उभा केला होता आणि तो जायला तयार नव्हता. पोरगी झोपली असं सांगितल्यावर त्यानं चार नारळ दारात ठेवले आणि निघून गेला. तो माणूस आम्हाला पुन्हा कधी दिसला नाही.

नंदिनीबाईंनी आम्हाला पुढचा आठवडाभर रोज बोलावलं. त्यांनी वैजूच्या कानामागं घंटी वाजवून पाहिली, घसा पाहिला, जीभ पाहिली. ट्रकमध्ये वैजूचे ओठ कसे हलले, ते मी त्यांना सांगितलं. शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या, "त्या थंडीत आजारी पडलेल्या बऱ्याच मुलांच्या मागं दमा लागून राहिलाय. वाढत्या वयात बहुतेकांचा कमी होतो. धूर आणि ओल टाळा. पण औषधाची हवा असलेलं गाव कुठंही नाही, तेव्हा गावं शोधणं थांबवा."

"आणि बोलणं?" वहिनीनं विचारलं.

तेवढ्यात वैजूनं टेबलावरच्या लाकडी घोड्याकडं नुसतं पाहिलं. वहिनीनं तो उचलून तिच्या हातात दिला. नंदिनीबाई हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "हे आत्ता तुम्ही केलंत ना, ते मी आठवडाभर बघतेय. तिला काही मागावंच लागत नाही. आजारात ते बरोबर होतं. आता तिला बोलायची वेळ येऊ द्या."

वहिनीचा चेहरा लाल झाला. "म्हणजे माझ्यामुळं? मी आई आहे तिची. माझ्यामुळं मुकी झाली ती?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हटलंत." तिनं घोडा टेबलावर आपटला, वैजूला कडेवर घेतलं आणि जिना उतरली. मी मागोमाग पळाले. टांगेवाल्यानं हाक मारली, तिनं पाहिलंही नाही. घराकडं वळायच्या ऐवजी ती उद्यमनगरच्या दिशेनं चालायला लागली. मी विचारलं, कुठं निघालीस? ती म्हणाली, "मला तरी कुठं माहीत आहे?"

आमच्या जुन्या गल्लीत ती अंबूबाईच्या दारात जाऊन थांबली. केरबा गेल्यापासून वहिनी तिला एकदाही भेटली नव्हती. तिला तोंड दाखवायचा धीर झाला नव्हता, कारण आपली वाचली आणि तिचा गेला. अंबूबाई सूप घेऊन गहू पाखडत बसली होती. ती उठली.

"या की वैनी. वाट चुकलासा काय?" तिनं वैजूच्या गालावरून हात फिरवला. "थोरली झाली की ओ ही."

वहिनी उंबऱ्यावरच कोसळल्यासारखी बसली. "बोलत नाही हो ही, अंबूबाई. आणि डॉक्टरीण म्हणते, मीच बोलू दिलं नाही."

अंबूबाई तिच्याशेजारी टेकली. मग म्हणाली, "तुमची बोलत न्हाय म्हणून रडतायसा. माझा शेवटपतोर बोलत हुता. आई, हे दे, आई, ते दे. मीच म्हनलं, गप पड, बोलू नगंस, दम लागंल. त्यो गप पडला." तिनं सूप उचललं, परत खाली ठेवलं. "हिला बोलू द्या, वैनी."

 वैजूनं सुपातले गहू मुठीत घेतले आणि फरशीवर सांडले. कुणीही ते गोळा केले नाहीत.

दुसऱ्या दिवशीपासून वहिनीनं ठरवलं, पोरीनं मागितल्याशिवाय द्यायचं नाही. मी तिला महापुरासारख्या पाण्यात फळी टेकवत चालताना पाहिलं होतं; पण हे काम तिला त्याहून जड गेलं. वैजू तांब्याकडं बोट दाखवायची आणि वहिनी समोर बसून म्हणायची, "काय हवं? सांग ना." वैजू बोट हलवायची, मग पाय आपटायची, मग रडायची. रडली की शिट्टी वाजायची आणि अप्पा आतून ओरडायचे, "अगं दे ना ते पाणी! काय चाललंय हे? पोर मारायचीये का?" वहिनी पाणी द्यायची आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहायची. असं रोज व्हायचं. दादा तर जेवणाच्या वेळी घरात थांबेनासा झाला. वहिनीनं हात दाबून धरायचे म्हणून ते मांड्यांखाली घ्यायला सुरुवात केली, पण ते हात आपोआप सुटायचे.

"मला हे जमायचं नाही, नलू," ती मला म्हणाली. "मी घरात असले की देणारच. मला घराबाहेर काढा कुणीतरी."

त्याच सुमारास पेठेतल्या महिला मंडळाला बालवाडीसाठी बाई हवी होती. वहिनी मॅट्रिक झालेली. तालमीच्या वरची खोली मिळाली होती. खाली पैलवान जोर-बैठका काढायचे आणि वर पोरं. वहिनी विचारायला म्हणून गेली आणि त्याच दिवशी खोली झाडून आली. वैजूला बरोबर न्यायची, पण इतर पोरांत एक म्हणून. दिवाळीनंतर अंबूबाईही तिथं मदतीला आली. पोरांचं नाक-तोंड पुसायला, खाऊ वाटायला. पिराजीनं तिला आधी नको म्हटलं होतं. ती म्हणाली, "घरात भित्ताड बगत बसू व्हय?"

त्या खोलीत गेल्यावर वहिनीला कळलं की आमची वैजू एकटी नाही. एक चार वर्षांचा मुलगा नुसतं "बा" म्हणायचा, पाण्यालाही बा आणि कावळ्यालाही बा. एका मुलीला चार पायऱ्या चढून आल्यावर बसकण घालावी लागायची. दोघी-तिघी अशा, की त्यांच्या आया त्यांना दारातून सोडायलाच तयार नसत. सगळ्यांच्या घरी तीच कहाणी. ती थंडी, तो ताप, मग महिनोन् महिने दार लावून ठेवलेलं घर. आया वहिनीला विचारायच्या, "बाई, हे असंच राहणार का?" वहिनी खोटं सांगायची नाही. "मला माहीत नाही. माझीही तशीच आहे, ती बघा," असं म्हणायची.

नंदिनीबाईंकडं ती परत गेली. माफी वगैरे मागितली नाही. दारातूनच म्हणाली, "पोरांचा दम वाढावा म्हणून त्यांना फुंकर मारायला काय काय देता येईल, ते सांगा." मग परातीतल्या पाण्यात कागदी होड्या सोडून पोरं फुंकर मारायला लागली. कापूस उडवायला लागली. कोण लांब हाक मारतं याची शर्यत लागायची, तेव्हा खालचा एखादा पैलवान ओरडायचा, "आरं काय आग लागली काय वर!" दुसऱ्यांची पोरं अडली की वहिनी थांबायची. "बा"वाल्या मुलासमोर ती हातात फुटाणे घेऊन शांत बसून राहायची, इतकी शांत की मी दारातून बघत असले तर मला ती वहिनी वाटायची नाही.

वैजू कोपऱ्यात आपल्या गोणपाटावर बसायची. बघायची. कुणाशी बोलायची नाही.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. खाऊची वेळ होती. वहिनी खिडकीपाशी एका मुलीच्या झग्याचं बटण लावत होती. एक दांडगा मुलगा धावत आला आणि वैजूच्या गोणपाटावर ऐसपैस बसला. वैजूनं त्याला कोपरानं ढकललं. तो हलला नाही. तिनं आईकडं पाहिलं. आईची पाठ होती.

"सरक की!" वैजू म्हणाली.

आवाज घोगरा होता, वापरात नसलेल्या कडीसारखा. मुलगा सरकला. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही. अंबूबाईच्या हातातली फुटाण्यांची थाळी कलली. "वैनी..."

"ऐकलं," वहिनी बटणावरची नजर न काढता म्हणाली. "गप राहा. काही बोलू नका. वाटा तुम्ही."

तिनं ते बटण लावलं, परत काढलं, परत लावलं. त्या मुलीची मान ओली झाली तेव्हा ती म्हणाली, "बाई, पानी पडतंय."

घरी येऊन वहिनीनं अप्पांना सांगितलं तेव्हा अप्पा आरामखुर्चीतून उठले. जन्मभर त्यांनी पोरांना शुद्ध बोलायला शिकवलं होतं. आमच्या घरात 'न्हाय' म्हटलं तर कान पिळला जायचा. त्यांनी वैजूला जवळ घेतलं. "जेवलीस का बाळ?"

वैजूनं मान हलवली. अप्पा थांबले. वहिनीही थांबली, दाराची चौकट धरून.

"न्हाय," वैजू म्हणाली.

"शाब्बास!" अप्पांचा आवाज चिरकला. "न्हाय म्हण, व्हय म्हण, वाटेल ते म्हण. माझी आई, तू काहीही म्हण."

पुढं सगळं सुरळीत झालं असं नाही. बोलणं आलं, पण धापेशी त्याचं जमेना. वाक्याच्या मध्येच वैजूचा श्वास संपायचा, ती थांबायची, शिट्टी वाजवून हवा घ्यायची आणि पुढचा शब्द शोधायची. शाळेत मुलं तिची नक्कल करायची. वहिनी एकदा तडक वर्गात शिरली आणि बाईंसमोर सगळ्या वर्गाला एका दमात धडा म्हणायला लावला. त्यानंतर नक्कल थांबली, पण वैजू आईशी दोन दिवस बोलली नाही. या वेळी मुद्दाम. दर हिवाळ्यात दोन-तीनदा लक्ष्मीपुरी गाठावीच लागायची. बारा-तेरा वर्षांची झाल्यावर ते कमी झालं. पुरतं गेलं नाही.

अप्पा चौऱ्याहत्तर साली गेले. बालवाडी चालू राहिली. "बा"वाला मुलगा पुढं त्याच तालमीत लाल मातीत उतरला, फारसा बोलका मात्र कधी झाला नाही. पायऱ्यांवर बसकण घालणारी मुलगी दुसऱ्या इयत्तेत असताना एका थंडीत गेली. वहिनी तिच्या घरी गेली आणि तिच्या आईजवळ बसली. या वेळी तिनं वेळ लावला नाही.

वैजू कॉलेज संपवून सांगलीला कचेरीत नोकरी धरायचं म्हणाली तेव्हा घरात मोठं भांडण झालं. वहिनी म्हणाली, "थंडीत तुला कोण बघणार तिथं?" वैजू बोलायला लागली. तिला श्वास पुरत नव्हता, ती थांबत होती, परत सुरू करत होती. आपल्याला काय हवं आहे, का हवं आहे, आईनं काय काय केलं ते ठाऊक आहे, पण म्हणून आयुष्यभर आईच्या तळहाताखाली राहता येणार नाही, असं सगळं. फार वेळ लागला तिला. वहिनीनं एकदाही वाक्य पुरं करून दिलं नाही. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "झालं? तरी नाही."

आठ दिवसांनी तिनंच ट्रंक भरून दिली. आणि पहिल्या थंडीत दर रविवारी सांगलीची एसटी पकडायला लागली, इतकी की वैजूनं मला पत्र लिहिलं, आत्या, आईला जरा आवर.

एकदा मी नंदिनीबाईंना विचारलं होतं, तेव्हा नेमकं कशानं बोलणं गेलं? आजारानं, दवाखान्यातल्या भीतीनं, केरबा नाहीसा झाला त्यानं, की आमच्या गप्प घरानं? त्या म्हणाल्या, "खरं सांगू? मला माहीत नाही. कदाचित सगळ्यानं थोडं थोडं." मी ते वहिनीला सांगितलं. वाटलं, तिला बरं वाटेल. ती भांडी लावत होती. म्हणाली, "कशानं गेलं ते कळेपर्यंत मी थांबले असते तर?" आणि पुढचं बोलायच्या आत अंगणात गेली.

आता पंच्याण्णव साल उजाडलंय. दादाची फाउंड्री शिरोलीच्या एमआयडीसीत गेली आहे आणि तोही निवृत्तीला आला आहे. शिरोलीत कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या वाढल्या आहेत. परवा वहिनी दादाचा विसरलेला डबा द्यायला तिकडं गेली आणि संध्याकाळपर्यंत परत आली नाही. आली ती सरळ माझ्या घरी, पायांवर राखेचा थर घेऊन.

"नलू," ती दारातूनच म्हणाली, "तिथं पोरं किती खोकतात, ऐकलंयस कधी? आणि आया त्यांना खोल्यांत कोंडून कामावर जातात. मी एका मुकादमाशी बोललेय. बालवाडीला गोदामाची पडवी देतो म्हणाला. अंबूबाईला सांगून आलेय, ती तयार आहे."

"अगं, गुडघे बघ तुझे," मी म्हटलं. "जरा बस तरी."

"सोमवारी झाडायला जायचंय," वहिनी म्हणाली. "मोठा खराटा तुमच्याकडंच आहे ना? तू येणार आहेस, की नुसता खराटा देणार आहेस?"